आपोआप शटर आणि दीड वर्षाचा अबोला

दिग्रस, मंगळवार, दुपारचे साडेतीन

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या नानाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इकडे, म्हणजे तुमच्या भिंतीच्या अलीकडे, सुखरूप आहोत. तुमच्या खुशालीचं पत्र कधी येत नाही, पण खोकला रोज भिंतीतून ऐकू येतो. त्यावरून तुम्ही आहात आणि कापूस अजून विकलेला नाही, एवढं कळतं. (परवा दुपारी खोकला अर्धा तास बंद होता, तर वच्छला दोनदा अंगणात जाऊन तुमची खुर्ची बघून आली. मी गेलो नाही. मी तिला पाठवलं.) वहिनींना नमस्कार. त्यांची मेथीची भाजी भिंतीवरून वेळच्या वेळी पोचते. अबोला आपल्या दोघांपुरता आहे, तो पातेल्यांना लागू नाही.

दीड वर्ष झालं आपण बोललो नाही. कारण तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा लिहून टाकतो. सामाईक अंगणात जिथे तुम्ही भाव येईस्तोवर कापूस रचायचे, तिथे मी तुम्हाला न विचारता गाडीचं गॅरेज बांधलं. तेव्हापासून तुमचा कापूस तुमच्याच बैठकीत छताला टेकला आहे आणि तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसता, तेही नेमके माझ्या शटरसमोर. त्यामुळे दसऱ्यापासून त्या शटरने माझी जी शोभा केली ती तुम्ही पहिल्यापासून पाहिली आहे. आवाज न करता हसलात, याबद्दल आभारी आहे. पण बाहेरून दिसलं ते अर्धंच.

आमच्या बंटीने पुण्याहून येऊन शटरला मोटर बसवून दिली. बटण दाबलं की दार वर, पुन्हा दाबलं की खाली. दसऱ्यापर्यंत ते शहाण्यासारखं वागलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून खाली यायला निघे, वीतभर येई आणि काही विसरल्यासारखं परत वर जाई. मी आधी रिमोटचा सेल बदलला. मग दोन्हीकडच्या पट्ट्यांत तेल सोडलं. (घरात जवसाचं होतं, तेच सोडलं. आठ दिवसांत त्याची खळ झाली, दार वर जाताना कण्हू लागलं. ती खळ मी रॉकेलने दोन दिवस खरवडत होतो. तेव्हा तुम्ही खुर्ची जरा पुढे घेतली होती, माझ्या लक्षात आहे.) शेवटी लखीराम मिस्त्रीला बोलावलं. त्याने मोटरला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "नानाजी, मोटर एकदम बरोबर हाये. हे दार कायले तरी भेऊन राह्यलं." आणि चहा पिऊन गेला.

दादा, खरं सांगतो, दुरुस्तीपेक्षा मला त्या वाक्याने जास्त पछाडलं. लोखंडी दार भिणार कशाला? आज सकाळी मी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसलो आणि मोटरसोबत आलेलं पुस्तक काढलं. इंग्रजी मला जेमतेम, पण चित्रं चांगली आहेत. दाराच्या दोन्ही पायांशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक काळी डबी असते. दोन्ही डब्यांना काच असते, आणि एका काचेतून दुसरीकडे न दिसणारा किरण सारखा जात असतो. मधे लेकरू आलं, बकरी आली, किरण तुटला, की दार आल्या पावली वर. मला हे फार आवडलं. अठ्ठावीस वर्षं मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काढली, तुमच्या करंगळीचं टोक तिथेच गेलं. तिथलं एकही यंत्र माणूस मधे आला म्हणून थांबत नव्हतं.

मग बॅटरी घेऊन जमिनीला गाल लावून पाहिलं, तर दोन्ही काचांवर वाळलेलं हळदीकुंकू, आणि डावीकडच्या काचेवर वरून दोन अक्षता. दसऱ्याच्या पूजेत वच्छलाने गाडीपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळ्यांना बोट लावलं होतं. विचारलं तर मलाच म्हणाली, "हरेक भागाले लावलं, मंग त्याले एकट्याले काहून सोडू? अन् तुमीच त डबीजवळ दिवा धरून उभे होते न!" (होतो.) मनातल्या मनात क्षमा मागून ओल्या फडक्याने दोन्ही काचा पुसल्या. दार एका दमात खाली आलं.

त्यानंतरचा तासभर मी काय करत होतो, हे तुम्हाला खुर्चीतून कळलं नसेल, म्हणून लिहितो. किरणात काय चालतं आणि काय चालत नाही, ते पाहत होतो. चप्पल चालत नाही. गव्हाची चाळणी आडवी धरली तर चालत नाही, तिरपी धरली तर दार घोटाळतं. पाण्याचा ग्लास चालतो, ताकाचा चालत नाही. असं किती दिवसांनी काही शोधून काढलं, आणि सांगायला समोर तुम्हीच होता, आणि सांगता येईना. फार चुटपुट लागली.

असो. यंत्राचं कोडं सुटलं. प्रकृतीला जपावं.

आपला धाकटा भाऊ,
नानाजी

ता. क. हे पत्र टपालाने येणार नाही. डाव्या कोपऱ्यात फरशी खचली आहे, तिथून शटरखालून येईल. दार आतून कसं मिटतं ते पाहावं म्हणून मी आत उभा राहून बटण दाबलं. फार सुंदर मिटलं. मिटल्याबरोबर लाईन गेली. वच्छला आणि वहिनी, दोघी जावा, दुपारीच फुलसावंगीला गेल्या आहेत, माझा मोबाईल घरात आहे. डायरीचं पान आणि पेन्सिल गाडीत सापडली. हाक मारता आली असती, पण आधी कोणी बोलायचं ते आपलं ठरलेलं नाही. लिहिणं बोलण्यात धरत नाहीत, असं मी समजतो.

ता. क. दुसरा. लाईन नसताना मोटरची लाल दोरी ओढावी, म्हणजे खटका सुटून दार हाताने उचलता येतं, असं पुस्तकात आहे. ती दोरी पॅकिंगची समजून मी काढली आणि सोयाबीनच्या पोत्याचं तोंड बांधलं. आता तो वरचा खटका मी झाडूच्या दांड्याने दाबून धरू शकतो, पण तेवढ्यात बाहेरून कोणीतरी दार उचलावं लागतं. एकट्याने होत नाही, तीनदा करून पाहिलं. कृपा करून उचलावं. बोलायची अट नाही. आणि दादा, विचारून बांधायला पाहिजे होतं. चूक माझीच. गाडी बाहेर उभी राहू शकते, कापूस इथे आणा.

ता. क. तिसरा. वरची ओळ लिहिताना लाईन आली. मोटरवरचा हिरवा दिवा लागला आहे, रिमोट माझ्या खिशात आहे. मी बटण दाबलेलं नाही. दांडा खटक्याला लावून उभा आहे. फटीतून तुमच्या चपला दिसताहेत. उचला.