शंभर मोजेपर्यंत

३ मार्च
वाद्यदुरुस्तीचं दुकान आणि मागच्या दोन खोल्या अखेर ताब्यात आल्या. कानशी, पकडी, सरस वितळवायचं भांडं, सगळं आयतं मिळालं. मालकीणबाई जुन्या कारागिराची मुलगी, साठीच्या. त्यांना बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. आमची चिमणी पाच वर्षांची, नुकतीच शंभरपर्यंत मोजायला शिकलेली, आणि तोंडाला खळ नाही. बायको म्हणाली, दोघींचं मिळून निम्मं निम्मं केलं तर घर सुखी होईल.

५ मार्च
माळ्यावर एक जुनं युकुलेली सापडलं, गिटारचं चार तारांचं धाकटं भावंड. तारा गेलेल्या, वरच्या फळीला उभा तडा. कंपनीची चिठ्ठी नाही, पण खुंट्या लाकडी आणि सांधे सरसाचे, म्हणजे शंभरेक वर्षांचं तरी असावं. फळीच्या मधल्या भोकातून आरसा घालून पाहिलं. आत जुन्या दुरुस्तीची सात लाकडी ठिगळं आहेत, प्रत्येकावर वाळलेल्या सरसात बोटाचा एक ठसा. सातही वेगळे आणि लहान मुलांचे. बरोबरच आहे, एवढ्याशा भोकातून मोठ्या माणसाचा हात जातो कुठे?

७ मार्च
माझाही हात आत गेला नाही. मग चिमणीला बसवलं. आठवं ठिगळ तिने आतून दाबून धरलं. सरस धरेपर्यंत शंभर मोज म्हटलं, तर सत्तरला थांबली. विचारलं तर नुसती मान हलवली. दमली असेल.

८ मार्च
चिमणी बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, वाट पाहा. बायको म्हणते घर खायला उठलंय. कामात मन रमवावं म्हणून दुपारी तारा चढवल्या.

९ मार्च
सकाळी तार छेडली. तारेतून चिमणीचा आवाज आला: एकाहत्तर. पुन्हा छेडली. बहात्तर. बायकोनेही ऐकलं. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात चिमणीने ते मांडीवर घेतलं. स्वतःचा आवाज ऐकून हसत होती, बिनआवाजाचं. हिसकावून घेईपर्यंत चौऱ्याण्णव.

१० मार्च
मालकीणबाईंना दाखवलं. त्यांनी पाटीवर लिहिलं: सातवा ठसा माझा. मीही वाजवत बसले. शंभरनंतर आवाज आला नाही, कधीच नाही.
तोडून टाकतो म्हटलं तर माझा हात धरला. नुसती खुंटी सैल केली — चिमणी निळी पडली. लगेच ताणली.
ठिगळ शंभरच्या आत सुटलं तर आवाज परत येईल? त्यांना माहीत नाही. कोणी करून पाहिलेलं नाही.

११ मार्च, दुपार
वाफेने सरस मऊ केला. हात पुन्हा चिमणीचाच हवा. आता तारा मध्ये आहेत. त्या बाजूला सारून हात घातला, तरी चार वाजल्या.
अठ्ठ्याण्णव.
ठिगळ सुटत नाही. हातही काढता येत नाही. काढला तर तारा वाजणार.

दोन उरलेत. बायको मालकीणबाईंना बोलवायला पळाली. मी एका हाताने चिमणीचं मनगट धरलंय, दुसऱ्याने लिहितोय — लिहिलं नाही तर हाही हात तारांकडे जाईल —

ती माझ्याकडे बघतेय. घाबरलेली नाही. बाबा आहेत ना जवळ.

सरसाचा वास नाकात गेलाय तिच्या. नाक वर ओढतेय. नको बाळा, दाबून धर, मी धरतो नाक, थांब, शिंकू न