ओंजळीने प्यालेलं पाणी

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तू नाहीसही, तरी हे तुलाच लिहितो आहे. लिहू की नको यात तीन दिवस गेले. आमच्या ख्रिस्ती मंडळीत मेलेल्या माणसांशी बोलत नाहीत. जे बोलायचं ते देवाशी बोला, असं पास्टर सांगतात आणि ते बरोबरच असणार. म्हणून मी तुझ्याकडे काही मागत नाही, फक्त सांगतो. एवढ्यानेही पाप लागतं का, हे पास्टरना विचारायचं धाडस होत नाही, कारण विचारलं तर कागद दाखवावा लागेल. गेल्या रविवारी बेटेगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्या प्रार्थनेच्या जागी, सगळ्यांसमोर उभं राहून मी तुझ्याबद्दल साक्ष दिली. ती साक्ष अर्धी होती. तेव्हापासून गॅस बंद केला का, कडी लावली का, हेच चारचारदा उठून बघतो.

बोईसरला कारखान्यात लागलो त्या दिवसाचं तुला कधी सांगितलं नव्हतं. सहावीपर्यंतची आश्रमशाळा, अंगावर उसना शर्ट. फोरमन एकेकाला गाव विचारत होता. माझ्या पुढच्या गड्याने आपल्या पाड्याचं नाव सांगितलं तर मागून कोणीतरी म्हणालं, "आला जंगली, झाडावर बसवा त्याला." सगळे हसले. तो गडी असेपर्यंत त्याचं नाव जंगलीच राहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, नाशिककडचा. नाशिक मी आजवर पाहिलेलं नाही. कोणी खरोखरच तिकडचा माणूस भेटला की मी संडासला निघून जायचो. पुढे तुझ्या सुनेलाही पायघोळ साडी नेसायला लावली आणि चाळीत आपली बोली बोलायची नाही अशी ताकीद दिली. ती बिचारी पहिलं वर्षभर कोणाशी बोललीच नाही. शेजारी तिला गर्विष्ठ म्हणायचे.

मग तू आलीस. रविवार होता, मी घरी होतो. पाऊस लागायच्या आधी डोंगरात शेवळं निघतात, ती मला आवडतात म्हणून पाटी भरून मनोरपर्यंत चालत आणि पुढे एसटीने तू आली होतीस. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कपाळावर गोंदण. शेजारच्या साताऱ्याकडच्या वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडे कोण ही?" तू मला हाक मारायला तोंड उघडलं होतंस. तुझ्या आधी मी बोललो. "भाजीवाली आहे. मनोरकडची."

तुझं तोंड तसंच मिटलं. मला वाटलं आता तू रडशील, नाहीतर माझी लाज काढशील. तू पाटी खाली ठेवलीस आणि वहिनींकडे वळलीस.

"शेवळं हायेत बाय. घेशील?"

"ही असली भाजी? सापाने फणा काढल्यासारखी दिसते."

"चावत नाय. पन ही आंबट काकडं टाकल्याबिगर रांधशील, त घसा धरंल. मंग माजे नावानं बोंबलत बसशील."

वहिनी हसल्या. तू त्यांना जुडी निवडून दिलीस, वर काकडांची फळं मोजून दिलीस, एक जास्तच. इतकी चांगली भाजीवाली झालीस की मला क्षणभर खरंच वाटलं, मी खोटं बोललेलो नाही. मग तू पाणी मागितलंस. वहिनींनी तांब्या आणला आणि वरून धार धरली. तू उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून ओंजळीने प्यालीस. पाणी कोपरांवरून ओघळत होतं. उठताना उरलेली सगळी शेवळं माझ्या दारात ठेवलीस आणि म्हणालीस, "येते शेट."

तुझी सून आत चुलीपाशी सगळं ऐकत होती. संध्याकाळी तिने ती भाजी केली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "भाजीवाली गेली. जेवा आता." मी भाजी खाल्ली. चांगली झाली होती, हेही सांगून टाकतो.

दिवाळीत पाड्यावर आलो तेव्हा तू त्यातलं काहीच काढलं नाहीस. घरात एकच पितळेचा पेला होता, तो राखेने घासून त्यात मला पाणी दिलंस. तू पुन्हा कधी बोईसरला आली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

चाळीस वर्षं होत आली. आता तुझी सूनही नाही. ती गेल्यावर कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने मला बेटेगावला नेलं. घरात एकटा बसून खंगशील, चल, असं म्हणाला. मी मागे दाराजवळ बसलो, म्हणजे उठून जाता येईल. तेवढ्यात पुढून एक म्हातारी उठली. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कपाळावर गोंदण. पास्टरनी तिच्या हातात माईक दिला आणि ती आपल्या बोलीत मोठ्याने बोलू लागली. "मी डोंगरावरची हाय. माजा बाप वेठीला जायचा. देवाला ठाव हाय मी कोन, न् त्याला माजी लाज नाय वाटं." कोणी हसलं नाही. बाजूच्या बिहारी बाईने तर डोळे पुसले. आये, जी बोली मी बायकोच्या तोंडात कोंबून ठेवली होती ती कर्ण्यातून बाहेर रस्त्यावर जात होती, आणि मी दाराजवळ बसून हुंदके देत होतो.

पुढल्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. पास्टरनी विचारलं, कुठले तुम्ही? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पाड्याचं नाव सांगितलं. पाण्यातून वर आलो तेव्हा अंग हलकं वाटलं, ते खोटं नव्हतं. मग पहिल्या प्रभुभोजनाला द्राक्षरसाच्या लहान लहान पेल्यांचं ताट फिरत माझ्यापर्यंत आलं आणि माझे हात आपोआप ओंजळीसारखे पुढे झाले. मला कळलंही नाही. पास्टर जरा थांबले, मग त्यांनी त्या ओंजळीतच पेला ठेवला. सगळ्यांना तसाच पेला, त्या म्हातारीला, बिहारी बाईला, मला. माझा निम्मा शर्टावर सांडला.

म्हणून साक्ष द्यायची ठरवली. मी तुला भाजीवाली म्हणालो, हे सांगितलं. शेजारणीने तुझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, हेही सांगितलं. मंडळीत बायका त्या शेजारणीच्या नावाने बोटं मोडू लागल्या. खाली बसल्यावर पाठीवरून कितीतरी हात फिरले.

सोमवारी वाटलं, चाळीतही सांगावं. वहिनी अजून शेजारीच आहेत, गुडघे गेलेत, दारात खुर्ची टाकून बसतात. मी म्हणालो, "वहिनी, ती शेवळंवाली माझी आई होती."

त्या म्हणाल्या, "ते मला तेव्हाच कळलं होतं, भाऊजी. नाक बघा की आरशात."

"मग बोलला नाहीत?"

"ती माउली तुमचं झाकत होती, मी कशाला उघडं करू?" मग म्हणाल्या, "मी पेला आणला होता तिच्यासाठी. माझ्या हातात होता. आठवतं का?"

मी म्हणालो, "नाही बुवा. एवढं कुठलं आठवायला."

आये, मला आठवतं. त्यांच्या एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात स्टीलचा पेला होता. त्या पेल्यात ओतायलाच लागल्या होत्या. मी म्हणालो, "पेला कशाला वहिनी, ओंजळीत ओता. या लोकांना तशीच सवय असते." तू ते ऐकलंस आणि हात पुढे केलेस.

देवाने माफ केलं आहे, यावर माझा विश्वास आहे. पण ज्या बाईने पेला आणला होता तिचीच मी रविवारी माईकवरून बदनामी केली. आधी त्यांच्या दारात जाऊन हे बोलायचं आहे, मग बेटेगावला. चपला घालून दोनदा बाहेर गेलो. दोन्ही वेळा वहिनींनी विचारलं, "काय भाऊजी?" आणि मी म्हणालो, काही नाही, कडी लागली का बघत होतो.