एक टोला जास्त

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे शाळेच्या वसतिगृहात बरी आहे. तुमचा उजवा खांदा कसा आहे? मामीच्या पत्रात दर वेळी शेवटी "हेही बरे आहेत" एवढीच ओळ असते, आणि तिच्यावरून खांद्याचा अंदाज बांधता येत नाही. दुकानातली खुर्ची दोन बोटं उंच करून घ्या, असं मी निघताना सांगणार होते. पण त्या दिवशी आपण दोघंही बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. मोठं भिंग सध्या कोण पुसतं? कोरड्या फडक्याने पुसू नये. मामीला नमस्कार. तिने पाठवलेली रजाई उबदार आहे आणि लांबीला चार इंच कमी आहे.

हे पत्र म्हणजे अहवाल समजावा. घड्याळ-दुरुस्तीचं दोन वर्षांचं प्रशिक्षण पहिल्या क्रमांकाने पुरं केलेल्या मुलीने शाळेच्या शेवटच्या वर्षी यंत्रशास्त्र सोडून उच्च साहित्याचा वर्ग घ्यावा, हे म्हणजे (तुमचेच शब्द) "चांगल्या घड्याळात मूठभर वाळू ओतण्यासारखं" होतं. तुम्ही "का?" विचारलंत, मी "माहीत नाही" म्हणाले, आणि कारण माहीत नसताना जो घड्याळ उघडतो त्याच्या हातात पेचकस देऊ नये, असं तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणालात. मग एका सत्राची मुदत ठरली. सत्र संपेपर्यंत या वर्गाने काय दिलं ते दाखवायचं, नाही तर मुकाट्याने दुकानातल्या बाकावर परत यायचं. "आणि तोवर तुझ्या एकाही वस्तूला मी हात लावणार नाही" हे तुम्ही एकट्याने ठरवलंत. सत्र महिनाअखेरीस संपतं. म्हणून हा अहवाल. या पत्रात मी काहीही मागणार नाही.

सुरुवात वाईट झाली, हे आधीच मान्य करते. पहिल्या आठवड्यात बाईंनी (आमच्या साहित्याच्या शिक्षिका, बुटक्या, आवाज मोठा, चष्मा कायम कपाळावर आणि शोध कायम टेबलावर) एक कविता दिली आणि तिच्याबद्दल काय वाटतं ते लिहून आणायला सांगितलं. मी तक्ता केला. ओळ, दोष, उपाय असे तीन रकाने. तिसऱ्या कडव्यात पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री उगवतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, हे मी आकृती काढून दाखवलं. उपायाच्या रकान्यात "मध्यरात्रीऐवजी संध्याकाळ टाकावे" असं लिहिलं. बाईंनी वही वर्गात वाचून दाखवली. वर्गाची हसून मुरकुंडी वळली आणि त्या दिवसापासून माझं नाव "पेचकस" पडलं. (मला ते लागलं नाही. पेचकस उपयोगी वस्तू आहे.) बाईंनी खाली लाल शाईत "पुन्हा वाचा" एवढंच लिहिलं. मी सतरा वेळा वाचली. चंद्र प्रत्येक वेळी मध्यरात्रीच उगवला.

दुसऱ्या महिन्यात ती कथा आली. थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर टांगलेलं आहे. एका घरात वडील आणि मुलगा यांचं भांडण होतं. मुलगा घर सोडतो. आई त्याच दिवशी रडत बहिणीकडे जाते. वडील एकटे उरतात, आणि शेजाऱ्यांना सांगतात की मला मुलगा नाही. भिंतीवर आठ दिवसांच्या किल्लीचं घड्याळ आहे, आणि दर रविवारी त्याला किल्ली देणं हे लहानपणापासून मुलाचं काम. एकविसाव्या दिवशी मुलगा परत येतो, पायरीवर उभा राहतो, दार वाजवायला हात उचलतो, तेवढ्यात आतून चार टोले ऐकू येतात. माझ्यावाचून इथे सगळं सुरळीत चाललंय, असं त्याच्या मनात येतं. तो हात खाली घेतो आणि निघून जातो. संपली कथा. बाईंच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांत एकोणीस वर्षांपासून लिहिलेलं आहे की टोले म्हणजे निर्दय काळ आणि वडील म्हणजे दगड. सगळ्यांनी तसं उतरवून घेतलं. मी हात वर केला.

मी म्हटलं की लेखकाची चूक आहे. आठ दिवसांचं घड्याळ फार ताणलं तर नऊ दिवस चालेल. एकविसाव्या दिवशी ते टोले देणार नाही. बाई म्हणाल्या, "अगं, साहित्यातल्या घड्याळाला किल्ली लागत नाही." मी म्हटलं, "मग ते घड्याळ नव्हे, बाई." पहिल्या बाकावरचा वकील (वकील नाही, पण वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही) म्हणाला, "पेचकस, तू आता लेखकाला हमीपत्र मागणार का?" पुन्हा मुरकुंडी. बाईंनी टेबलावर डस्टर आपटला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोलू नकोस. सिद्ध कर."

मामा, मला सिद्ध करायला सांगणारं माणूस या इमारतीत भेटेल असं वाटलं नव्हतं. मी त्याच दिवशी मामीला पत्र टाकून माझं घड्याळ मागवलं. तेच, चौदाव्या वर्षी मी जोडलेलं पहिलं, आठ दिवसांचं, दुकानाच्या माळ्यावर पडलेलं. मी निघाले तेव्हा त्याची टोल्यांची स्प्रिंग तुटलेली होती, पण मला फक्त चालणं मोजायचं होतं. मामीने "यांना न सांगता काढून पाठवते आहे" अशी चिठ्ठी घालून ते रजाईत गुंडाळून पाठवलं. (म्हणून रजाई. ती माझ्यासाठी नव्हतीच, तेव्हा चार इंचांची तक्रार मागे घेते.) सोमवारी सकाळी साडेसात वाजता मी ते वर्गाच्या भिंतीवर टांगलं, लंबक बसवला आणि उजव्या भोकात किल्ली पूर्ण भरली. डाव्या, म्हणजे टोल्यांच्या भोकाला हात लावला नाही, कारण ती बाजू तुटलेली आहे हे मला माहीत होतं. तपासलं नाही. माहीत होतं. (ही माझी या सत्रातली सर्वांत मोठी चूक, पुढे येईलच.) मधेच कोणी किल्ली देऊ नये म्हणून बाईंनी किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि घड्याळाच्या झडपेवर कागदाची पट्टी डकवून तिच्यावर सगळ्या वर्गाच्या सह्या घेतल्या.

पावणेआठला मुख्याध्यापक आले. वर्षातून एकदा ते मागच्या बाकावर बसून तास ऐकतात. वक्तशीरपणाबद्दल त्यांची ख्याती अशी की शिपाई घंटा घड्याळ बघून देत नाही, त्यांना बघून देतो. बाई कविता म्हणत होत्या, फार सुंदर म्हणत होत्या, आणि आठ वाजले. माझं मुकं घड्याळ बोलायला लागलं. मी मोजले. नऊ टोले. मुख्याध्यापक ताडकन उठले, "नऊ? मला बैठक आहे!" म्हणाले आणि निघाले. ते व्हरांड्यात दिसताच शिपायाने नऊच्या मधल्या सुट्टीची घंटा दिली. सकाळी आठ वाजता चारशे मुलं मैदानात! जो तो डबा उघडून बसला. वीस मिनिटांनी मुख्याध्यापक परत आले, एकटेच. बैठकीच्या खोलीला कुलूप होतं. "हे कोणाचं?" त्यांनी विचारलं. सगळ्या वर्गाने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनीसुद्धा. मला लेखी खुलासा द्यावा लागला. मी टोल्यांच्या चाकाची आकृती काढून चार पानी दिला. त्यांनी तो वाचला आणि शिक्षा माफ केली. कंटाळून असावी.

पण मामा, ते वाजलं कसं? आणि एक टोला जास्त का? झडप उघडावी तर पट्टी, पट्टीवर एकतीस सह्या, आणि पट्टी फाटली तर प्रयोग रद्द. मी आठ दिवस त्या घड्याळाकडे असं बघत होते, की वकिलाने ते माझं लग्नाचं स्थळ आहे अशी आवई उठवली. वर्गाला तोवर एक वजा करायची सवय लागली. दहा वाजले की अकरा पडायचे आणि सगळे एका सुरात "एक वजा!" म्हणायचे. बाई चिडल्यासारखं करायच्या, पण तिसऱ्या दिवसापासून त्याही पुटपुटायच्या. बाजूच्या वर्गातली मुलं "किती दिवस झाले?" विचारायला यायला लागली. एका जुन्या कथेसाठी! आपल्या दुकानात लोक नव्या घड्याळासाठीसुद्धा इतकं विचारत नाहीत.

नवव्या दिवशी, मंगळवारी, सात वाजून बावन्न मिनिटांनी लंबक थांबला. मी उभी राहिले, वेळ वहीत लिहिली आणि म्हटलं, "सिद्ध. लेखकाची चूक." आणि बसले. मी जिंकले होते. तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला. तिथे बेकरीवाली बसते. घरची बेकरी, भट्टी पेटवायला पहाटेच उठते, म्हणून वर्गात झोपते. बाई तिला उठवत नाहीत. तिने डोकंही नीट उचललं नव्हतं. म्हणाली, "मग किल्ली कोणी दिली?"

मामा, मी आकडे देते, म्हणजे अतिशयोक्ती वाटणार नाही. मी नाडी मोजली: मिनिटाला एकशे चार. बसून.

आई घरात नाही. मुलगा नाही. घरात एकच माणूस आहे. त्याने निदान दोन वेळा स्टुलावर चढून, मुलाचं काम, त्या घड्याळाला किल्ली दिली आहे. कोणाला न सांगता. मुलगा परत येईल तेव्हा घड्याळ बंद दिसू नये म्हणून. आणि हे मुलाला कळायला हवं होतं, सगळ्या जगात त्यालाच, कारण आठ दिवसांनी ते थांबतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याने टोले ऐकले. दिवस मोजले नाहीत. बाई खुर्चीवर बसल्या. चष्मा कपाळावरून काढला (पहिल्यांदाच त्यांना तो शोधावा लागला नाही) आणि म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी या म्हाताऱ्याला दगड म्हणत आले गं." वकील म्हणाला, "पण बाई, लेखकाला तरी हे माहीत होतं का?" बाई म्हणाल्या, "त्याला नसेल. म्हाताऱ्याला होतं." मग सगळे एकदम बोलायला लागले. आम्ही घंटा ऐकली नाही. दुसऱ्या तासाचे सर दारात उभे होते, तेही आत येऊन बसले आणि त्यांना आम्ही सगळं पहिल्यापासून सांगितलं. मीही बोलले. मला अडवावं लागलं, मामा. मला!

तर या वर्गाने काय दिलं, ते असं. दुकानात चालू घड्याळ कोणी आणत नाही. बंद पडलेलं येतं, आपण बिघाड शोधतो. त्यामुळे चालू घड्याळ बघून "हे अजून का चालू आहे?" असं मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. मला तिथे चूक दिसली, आणि तिथे माणूस होता. घड्याळ मला ठाऊक होतं, म्हणून गोष्ट उघडली. पण उघडली तिने, जिला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. हे तुम्ही "काही दिलं" यात धराल का, ते मला सांगता येत नाही. मी धरते. चंद्राची कविताही मी अठराव्यांदा वाचली. कवितेतल्या बाईने सगळी संध्याकाळ वर बघितलंच नव्हतं. तिच्यासाठी तो मध्यरात्रीच उगवला.

अहवाल संपला. खांद्याला शेक द्या. कळावे; लोभ आहे, हे यापुढे पुराव्यानिशी लिहीन.

तुमची भाची,
पेचकस

ता. क. काहीही मागणार नाही असं वर लिहिलं आहे, ते त्या पानापुरतं खरं होतं. सोबत एक अर्ज जोडला आहे. पुढच्या सत्रात या वर्गात राहायचं तर पालकाची सही लागते. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे करावी. मामीची सही चालत नाही. मी विचारून पाहिलं.

ता. क. दुसरा. बाईंनी पट्टी फाडू दिल्यावर मी घड्याळ उघडलं. टोल्यांची स्प्रिंग नवी आहे. डावी बाजू किल्लीने पूर्ण भरून ठेवलेली होती. मागच्या पत्र्यावर आतून, दुरुस्ती झाली की तुम्ही सुईने कोरता ती अर्धचंद्राची खूण आहे, आणि खाली तारीख. मी निघाले त्याच्यानंतरचा अकरावा दिवस. माझ्या एकाही वस्तूला हात न लावण्याच्या काळातला. मामीला यातलं काही ठाऊक नाही, मी तिला सांगणार नाही. मी फक्त दिवस मोजले.

ता. क. तिसरा. टोल्यांचं चाक एक दाता पुढे बसवलं गेलं आहे. तुमच्या हातून असं कधी झालेलं मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्या दिवशी डोळ्यावर भिंग नसावं किंवा भिंगातून नीट दिसत नसावं. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलेलं नाही आणि करणारही नाही. घड्याळ वर्गात आहे, रविवारी किल्ली मी देते, आणि एक टोला जास्त पडतो.