हानुल फोर, बुधवार, दुपारी तीन

मंगळवार, १ सप्टेंबर १९९८
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. कारण ऐतिहासिक आहे. कोरियाचा पॉप ग्रुप ‘हानुल फोर’ सुरतमध्ये येतोय! नदीपलीकडच्या मैदानावर यंत्रमागांचं प्रदर्शन आहे, त्याच्या उद्घाटनाला लूमवाल्या कोरियन कंपनीने त्यांना बोलावलंय. बुधवार १६ तारीख, दुपारी तीन. आमच्या कारखान्यात लूम बसवायला आलेले इंजिनीअर पाकसाहेब यांनी मला स्वतःच्या हाताने दोन पास दिले. (शेठने नको म्हटल्यावर. पण दिले मलाच.)

सुरतमध्ये कोरियन पॉपचा पहिला फॅन मी. याला पुरावा आहे. मार्चमध्ये पाकसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत वॉकमनचा एक कान मला दिला होता. मागे साठ लूम धडधडत होते आणि कानात ती चार पोरं गात होती. एक शब्द कळला नाही. तरी त्रेचाळीस वर्षांचा मी, स्टोअर क्लार्क श्रीपत, सतरा वर्षांचा झालो. घरी येईपर्यंत उतरलं नाही. नंतर त्यांनी कॅसेटच देऊन टाकली. दुसरी फॅन माझी मुलगी प्रज्ञा, यत्ता दहावी. तिला सगळी गाणी पाठ आहेत, पण पहिला मीच.

संकल्प: (१) १६ तारखेपर्यंत कोरियन भाषा. (२) पोट कमी करणे. (३) प्रभावतीशी वाद न घालणे.

गुरुवार, ३ सप्टेंबर
कोरियन वाटते तितकी अवघड नाही. आजपर्यंत येणारे शब्द: सिल (धागा), किरूम (तेल), किग्ये (मशीन). एवढ्यावर माणूस बराच वेळ बोलू शकतो.

शिवाय ‘विहोम’. हा मी स्वतः शोधला. मशीनच्या जवळ गेलं की पाकसाहेब दोन्ही हात पुढे पसरून मोठ्याने ‘विहोम! विहोम!’ म्हणतात. मशीनवरही लाल त्रिकोणात हाच शब्द कोरियन लिपीत, दोन अक्षरांत, छापलेला आहे. म्हणजे ‘सुस्वागतम’. फार अगत्याची माणसं. आपल्याकडे मशीनवर कोणी स्वागत लिहील का?

पोट: उद्यापासून.

रविवार, ६ सप्टेंबर
सुट्टीचा दिवस वाया. सकाळपासून प्रभावतीचं एकच, की गव्हाचे डबे आणि ट्रंक माळ्यावर चढवा, यंदा खाडीचं लक्षण बरं नाही. लिंबायतमध्ये सोळा वर्षं राहतोय, खाडी दर वर्षी फुगते आणि बसते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी चढवतो. आईने दारातूनच सांगितलं, “खाडीनं पानी काळं व्हयनं, श्रीपत.” आईला दिसतं कमी. काळं काय नि पांढरं काय.

संध्याकाळी प्रज्ञाला गाण्याचे अर्थ समजावले. ती म्हणाली, बाबा, हे तुम्ही मनाने सांगताय. मी म्हटलं, मनानेच कळतं.

बुधवार, ९ सप्टेंबर
पाऊस. वरच्या अंगाला फार पडतोय म्हणे. कारखान्यात सगळे नदीचंच बोलतात, हानुल फोरबद्दल कोणाला विचारावंसं वाटत नाही. अज्ञान.

आज मोठा निर्णय. शोमध्ये हातात धरायला बोर्ड करणार. पांढरा कार्डशीट, लाल रंग, मशीनवरची ती दोन अक्षरं, त्रिकोणासकट. स्टेजवरून त्यांना स्वतःच्या भाषेत ‘सुस्वागतम’ दिसेल तेव्हा काय वाटेल त्यांना! प्रज्ञा म्हणाली, आधी पाकसाहेबांना दाखवून घ्या. सरप्राइज कसं राहील मग?

शनिवार, १२ सप्टेंबर
अक्षरं उत्तम जमली. मशीनवरून ट्रेस केली, चूक शक्य नाही.

पहाटे प्रभावती दार उघडायला गेली आणि तशीच उभी राहिली. पायरीवर उंदीर. एक-दोन नाही, गटाराच्या बाजूने ओळीने वर येत होते. चौऱ्याण्णवच्या प्लेगपासून ती उंदीर बघून ओरडत नाही, गप्प होते. मी तिला समजावलं की बिळात पाणी शिरलं की उंदीर बाहेर येतात, यात शास्त्र आहे. ती म्हणाली, “तेच तर मी म्हणतेय.”

रविवार, १३ सप्टेंबर
डबे चढवणार होतो. पाठीत लचक. तीन दिवसांवर शो असताना रिस्क नको.

सोमवार, १४ सप्टेंबर
शेजारचा सुकदेव रिक्षावाला बायकोमुलांना उधन्याला मेव्हण्याकडे सोडून आला. मला म्हणाला, भाऊ, आजीला घेऊन तुम्हीपण निघा, रिक्षा आहे. घाबरट माणूस. मी त्याला बुधवारचं विचारलं, तर म्हणाला, बुधवारी रस्ता असला तर सोडतो.

खाडी कडेला लागलीय. त्यात एक म्हैस वाहून जाताना पोरांनी पाहिली. म्हैस जिवंत होती म्हणे, मान वर धरून जात होती. हे मला कोणी सांगायला नको होतं. जेवताना आठवत राहिलं.

मंगळवार, १५ सप्टेंबर
वरच्या धरणातून पाणी सोडलंय आणि आणखी सोडणार, असं रेडिओवर. पाकसाहेबांना विचारलं, प्रोग्राम नक्की? त्यांनी आभाळाकडे बोट केलं आणि खांदे उडवले. कोरियात याचा अर्थ ‘नक्की’ असा असावा.

घरी वाद. संकल्प तिसरा मोडला, पण दोष माझा नाही. प्रभावती म्हणाली, तुम्ही खुशाल जा, पोरीला नेऊ नका. मी म्हटलं, पास दोन आहेत. मग प्रज्ञाच म्हणाली, बाबा, मी आजीजवळ थांबते ना. मला वाईट वाटलं. सहा महिने जी पोरगी कॅसेट उशाशी घेऊन झोपते तिने असं म्हणावं? मी तिला तासभर समजावलं. सांगितलं, मी तुझ्या वयाचा असताना गावात ऑर्केस्ट्रा आला होता. वडिलांनी जाऊ दिलं नाही, ते मला अजून लागतं, तुला तसं नको. शेवटी ती हो म्हणाली. मनापासून म्हणाली. (डोळे पुसत होती, ते आनंदाने.)

बुधवार, १६ सप्टेंबर, सकाळी ९
गल्लीत घोट्याएवढं पाणी. आमच्या तीन पायऱ्या आहेत, दोन अजून कोरड्या.

सकाळी ११
निघतोय. सही घ्यायला ही वही बरोबर घेतली. बोर्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलाय.

निघताना प्रभावती दारात आली. ओरडली नाही. म्हणाली, “तिसऱ्या पायरीला पाणी लागलं तर मी एकटी आईंना वर नेऊ शकत नाही.” वर म्हणजे शेजारच्या मंगलाबाईंच्या गच्चीवर, बाहेरच्या जिन्याने. मी म्हटलं, सहापर्यंत येतो. आईने कुठे निघालो ते विचारलं, “कथा जाई ऱ्हायना?” कोरियन गाणी ऐकायला, असं ओरडून सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. दोनदा सांगितलं. मग राहू दिलं.

संध्याकाळी ७, पलीकडच्या एका शाळेत
क्रमाने लिहितो.

पूल ओलांडताना सुकदेवने रिक्षा हळू केली. खाली नदी दिसेना, नुसतं मातकट काहीतरी पुलाच्या जवळ येऊन सरकत होतं. आवाज नव्हता. एवढ्या पाण्याला आवाज असायला हवा होता. प्रज्ञाने माझी बाही धरली. सुकदेव आम्हाला सोडून लगेच परत फिरला, थांबला नाही.

मांडव मोठा, खुर्च्या तीनशे, माणसं साठ. काही शेठ लोक सहकुटुंब, बाकी नाश्त्यासाठी आलेले. मांडवाच्या मागच्या अंगालाच नदी. स्टेजमागचं कापड आत फुगायचं, बाहेर जायचं, जणू पलीकडे कोणीतरी श्वास घेतंय.

हानुल फोर तीनच आले. चौथ्याचं पोट बिघडलं होतं. चांदीच्या रंगाची जॅकेटं, एकाचे केस तांबडे. तो दोंगील, आमचा आवडता. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी खोटं लिहीत नाही, सगळं विसरलो. पाणी, आई, पाठ, सगळं. प्रज्ञासुद्धा उभी राहिली. तिच्या ओठांवर प्रत्येक शब्द होता. एक मिनिट मी स्टेजकडे न बघता तिच्याकडेच बघत होतो. एवढं एक मिनिट माझ्याजवळ आहे.

दुसऱ्या गाण्यानंतर ती म्हणाली, बाबा, झालं, आता घरी जाऊ. चार वाजत आले होते. मी म्हटलं, एकच गाणं. बोर्ड राहिला होता ना.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी खुर्चीवर चढलो आणि बोर्ड डोक्यावर धरला. दोंगीलने पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, भरून आलं त्याला. मग त्याने मागे वळून कापडाकडे पाहिलं. बाकीच्या दोघांनीही पाहिलं. गाणं टेपवर चालूच होतं, पण गात कोणी नव्हतं. कापडाखालून पाण्याची एक जीभ स्टेजच्या पायापर्यंत आली होती.

पाकसाहेब धावत आले, माझा बोर्ड खेचला, ओरडले, “कहाँ? किधर देखा?” मी म्हटलं, विहोम, विहोम. ते म्हणाले, “हाँ, डेंजर! किधर डेंजर?”

डेंजर.

मग सगळे बाहेर. पळापळ झाली नाही, पुढचं गेट मोठं होतं. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा मांडवाच्या मागच्या खुर्च्या तरंगत होत्या. पूल बंद केला होता. पोलिसाला सांगितलं, पलीकडे माझं घर आहे. तो म्हणाला, सगळ्यांचंच आहे.

गुरुवार, १७ सप्टेंबर
शाळेचा खालचा मजला पाण्यात. आम्ही वर, दीडशे माणसं. हानुल फोरही इथेच आहेत, कोपऱ्यातल्या वर्गात, फळ्याखाली. चांदीची जॅकेटं वाळत घातलीत. फोन बंद.

शांतपणे विचार केला. माझा बोर्ड वर गेला नसता तर गाणी चालूच राहिली असती आणि पाणी मागून आलं असतं. म्हणजे साठ माणसं माझ्यामुळे वाचली. अर्थ माहीत नसेल, पण आतून काहीतरी जाणीव झाली असणार, नाहीतर हीच अक्षरं का निवडली? एका साडीवाल्या शेठला हे सांगितलं. त्यांनी हात जोडले. दुपारपर्यंत बरेच जण मला पाहायला आले. मी थोडक्यात सांगत होतो.

प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून बसली होती. चौथ्यांदा सांगत होतो तेव्हा उठून आली आणि सगळ्यांसमोर गुजरातीत म्हणाली की, बाबांना वाटत होतं, त्याचा अर्थ सुस्वागतम आहे. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग ती मला मराठीत म्हणाली, “आई काय म्हणाली होती दारात? मी चप्पल घालत होते, मला नीट ऐकू आलं नाही.”

मी म्हटलं, लवकर या म्हणाली.

संध्याकाळी दोंगील माझ्याजवळ येऊन बसला. जवळून बघितलं तर फार लहान आहे, वीस-एकवीस. काहीतरी लांबलचक विचारलं, बहुतेक पाणी कधी उतरेल ते. माझ्याकडे धागा, तेल आणि मशीन एवढेच शब्द होते. मी मान हलवली. तो उठून गेला. सही राहिली.

शुक्रवार, १८ सप्टेंबर
पूल दुपारी उघडला. पायी. गल्लीत गुडघाभर चिखल. आमच्या भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या खांद्याच्या वर. गव्हाला मोड आले होते, वास गल्लीच्या तोंडापासून येत होता. घरात कोणी नाही. प्रज्ञा “आई” म्हणून ओरडली, तो आवाज परत ऐकायची माझी तयारी नाही.

मंगलाबाई गच्चीवरून खाली आल्या. म्हणाल्या, आहेत, दोघी आहेत, हॉस्पिटलात. बुधवारी साडेतीनला तिसऱ्या पायरीला पाणी लागलं. प्रभावतीने आधी बाबासाहेबांचा फोटो वर पोचवला, मग आईला पाठीवर घेतलं. मंगलाबाईंनी मागून धरलं होतं. जिना शेवाळलेला, सहाव्या पायरीवर पाय सरकला. प्रभावतीने आईला सोडलं नाही, पण दोघी पडल्या. आईचं खुब्याचं हाड मोडलं. रात्रभर पावसात गच्चीवर, दुसऱ्या दिवशी होडीतून हलवलं.

साडेतीनला पहिलं गाणं चालू होतं.

प्रज्ञाने सगळं ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी सांगितलेलं ‘लवकर या’ तिने परत काढलं नाही.

रविवार, २० सप्टेंबर
हॉस्पिटल. आईचं ऑपरेशन उद्या. डॉक्टर म्हणतात, वयाने हाड धरेलच असं नाही. आईने मला ओळखलं, हात हातात घेतला आणि विचारलं, पोरगी जेवनी का?

प्रभावतीच्या कोपराला बँडेज आहे. तीन दिवसांत ती मला एकच बोलली. विचारलं, किती गाणी झाली? पुष्कळ म्हणणार होतो. अडीच, म्हटलं. तिने मान हलवली आणि आईचं पांघरूण सारखं केलं.

नर्सने फॉर्म दिला. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग: पेशंट पडला तेव्हा सोबत कोण होतं? प्रभावतीने सांगितलं तसं लिहिलं. सून. शेजारीण मंगलाबाई. अजून कोणी? नर्सने विचारलं. पेन तसंच धरून बसलो.

प्रज्ञा म्हणाली, बाबा, फॉर्म द्या, रांग पुढे सरकली.