शेवंताच्या मापाचं

३ ऑक्टोबर १९९४

टिच, टिच, टिच, टिच. मग थोडी जागा, आणि सेफ्टी पिन लागल्याची बारीक चाहूल. आज पहाटे झोपेत पुन्हा ऐकू आलं. शेवंता अंधारात ब्लाऊज घालायची तेव्हा टिचबटणं अशी लागत. शेवटचं कायम तुटलेलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलेला, मनात मात्रा मोजत. चार, आणि यती. शाळेत गुरुजी टेबलावर छडीने ताल धरून वृत्तं शिकवायचे, त्यांचीही इतकी स्वच्छ पडत नसत.

परळच्या एका खोलीत आम्ही सात माणसं. दिवा लावायची सोय नव्हती. मीरा रोडला स्वतःचा ब्लॉक झाला, दोन खोल्यांत दोघंच उरलो, तरी दिवा लागला नाही.

ती जाऊन दीड वर्ष. साड्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच वाटल्या. ब्लाऊजं राहिली. एकीच्या मापाचं दुसरीला होत नाही. गाठोडं बांधून ट्रंकेत.

७ ऑक्टोबर

मोनिकाबाय आली. समुद्राकडच्या डोंगरी गावाहून सुकी मासळी घेऊन येते. शेवंताची ओळख, अजून माझ्या दारात पाटी उतरवून पाणी पिते.

"काका, माज्याकडं एक गोरी बाय भाड्यानं रावते. पुतळे करते. तिला जुनी झंपरं पायजेत. मेलेल्या बाईची पन चालतील म्हनते."

"वेडी आहे का?"

"वेडी न्हाय. भाडं टायमावर देते."

दिवसभर ट्रंकेकडे लक्ष जात होतं.

११ ऑक्टोबर

बसने डोंगरी. मोनिकाबायच्या मागच्या पडवीत ती बाई. नाव युदित, देश हंगेरी. चाळिशीची, केस पुरुषासारखे कापलेले, कोपरापर्यंत हात पीओपीने पांढरे. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे चांगलं जमलं.

तिची आई कारखान्यात होती. जन्मभर अंगात एकच निळा कामाचा डगला. घरीही तोच. आई गेली, डगला जाळला. "माझ्या आईचं अंग कसं होतं मला माहीत नाही. म्हणून माझंही माहीत नाही." म्हणून ही देशोदेशी दुसऱ्या बायकांच्या कपड्यांत शिरून बघते. आपण कुठे कमी पडतो, कुठे मावत नाही. हे काम आहे म्हणे.

तुम्ही काय करता, विचारलं. म्हटलं, रिटायर्ड क्लार्क. शाळेतल्या कविता पाठ आहेत. म्हणा म्हणाली.

म्हटल्या. एकामागून एक, चालीत. ती पत्र्याच्या डब्यावर बोटांनी ताल धरून बसली. शब्द एकही कळला नसणार. शेवंताला सगळे कळायचे, आणि ती तांदूळ निवडत राहायची.

परत येताना बसमध्ये मी एकटाच हसत होतो. कंडक्टर बघत होता.

१९ ऑक्टोबर

गाठोडं नेऊन दिलं.

माझी समजूत अशी की बघेल, चित्रं काढेल, परत देईल. मग शेवंताचा पुतळा होईल. चेहरा असलेला, खाली दोन ओळी कोरलेल्या. ओळीही मी मनात जुळवून ठेवल्या होत्या.

तिने जमिनीवर ब्लाऊजं मांडली. अरुंद आधी, मग रुंद, मग पुन्हा अरुंद, आजारपणातली. मला न विचारता क्रम बरोबर लावला. तळाशी एक लाल निघालं. पाठ सगळी उघडी, वर नुसती नाडी. मी ते जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे कधी घालायची?"

"माहीत नाही."

"कोणासाठी शिवलं?"

मी नाडी सरळ करून ठेवली.

"तिला काय हवं होतं?"

म्हटलं, तिला काही कमी नव्हतं.

"मी ते नाही विचारलं," म्हणाली, आणि लाल वेगळं ठेवलं.

झोप नाही. कुठल्या शिंप्याकडे गेली असेल? कुठे घालून बघितलं असेल? आमच्या घरी आरसा हातभर, त्यात पाठ...

२ नोव्हेंबर

चि. वसू आली. एकुलती लेक, आठवा महिना लागलाय. सासर केबिन रोडला, तिथून चालत स्टेशनला आली, ऐकत नाही.

"बाबा, आईची ब्लाऊजं काढून ठेवा. बाळाचं दुपटं शिवायचंय. साड्या तर वाटून मोकळे झालात. तेवढीच राहिलीत."

म्हटलं, बघतो.

"बघायचंय काय त्यात? ट्रंक उघडायची."

३ नोव्हेंबर

डोंगरी. उशीर झाला होता.

तिने एकेक ब्लाऊज शिवून बंद केलं, आत पीओपी ओतलं, घट्ट झाल्यावर वरचं कापड ब्लेडने सोललं. बादलीत चिंध्या. फळीवर शेवंता, ओळीने. डोकं नाही, हात नाहीत, पांढरीफटक. कापडाची वीण उठलेली. काखेतलं ठिगळ उठलेलं. एकीवर शेवटच्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन, तिचं डोकंसुद्धा उठलेलं. मी त्यावर अंगठा ठेवला. एवढ्या वर्षांत तिथे कधी ठेवला नव्हता.

"कापड गेलं. ती राहिली," युदितबाई म्हणाली. कौतुकाची वाट बघत होती.

मी भांडलो. मराठीत. ते मात्र तिला सगळं कळलं.

मोनिकाबाय दारातून म्हणाली, "आदी इचारायचं ना, काका. आता ह्या चिंध्या नेऊन काय करशील? लादी पुसशील?"

नेल्या. तीनदा धुतल्या. पांढरं निघत नाही, कापड पापडासारखं मोडतं.

लाल मागितलं. "ते मी घातलं," म्हणाली. स्वतः घालून, वरून पीओपीच्या पट्ट्या लावून अंगाचा साचा काढला. नाडीचं, म्हणजे कोणालाही होणारं. गाठोड्यातलं तेवढंच कोणाला देता आलं असतं.

६ नोव्हेंबर

वसूला सांगितलं. बरोबर तिच्या सासूबाई होत्या. लातूरकडच्या, तोंडाच्या खमक्या.

वसू म्हणाली, "आईचं अंगावरचं तुम्ही..." चिंधी हातात धरली, तिचा तुकडा पडला, तो उचलून टेबलावर ठेवला.

विहीणबाई: "आमच्यात गेलेल्या बाईचा कपडा लेकराच्या अंगाखाली घालतात, व्याहीबुवा. तुमच्याकडं गोरीला देत्यात वाटतं."

चहा ठेवला होता. उतू गेला. दोघी जिन्यात पोचल्या होत्या.

१४ डिसेंबर

फोर्टात एका हॉलमध्ये युदितबाईचं प्रदर्शन. जायचं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

शेवंता ओळीत उभी. हातात ग्लास घेतलेली माणसं तिच्याभोवती फिरत होती. एकजण वाकून पिनकडे बघत होता. बायकोला म्हणाला, हाऊ टेंडर. मला कोणी ओळखलं नाही. ओळखायचं कारण काय.

सगळ्यांत शेवटी लाल ब्लाऊजवालं. तेही पांढरंच. उघडी पाठ, मणक्याची खोल रेघ, मानेखाली नाडीची गाठ. खाली इंग्रजीत नाव, 'मी'. पाठ युदितबाईची. गाठ शेवंताच्या नाडीची. एकोणसत्तर वर्षांचा मी, किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. कोणाची पाठ बघतोय हे ठरवता आलं नाही. ठरवावंसंही वाटलं नाही.

युदितबाई आली. म्हणाली, चूक माझी. यातलं एक तुमचं. कुठलं हवं?

पिनवाली समोर होती. बोट शेवटच्याकडे गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२८ डिसेंबर

टेम्पोने आलं. खिडकीशी ठेवलंय, पाठ खोलीकडे. रात्री चादर टाकतो. सकाळी काढतो.

कविता आठवत नाहीत. सुरुवात येते, पुढची ओळ येत नाही.

१२ जानेवारी १९९५

शेजाऱ्यांच्या फोनवर जावयांचा निरोप. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. "या" म्हणाले नाहीत. माझ्याही तोंडून येऊ का निघालं नाही.

२३ जानेवारी

युदितबाई मायदेशी गेली. बाकीची शेवंता खोक्यांत घालून घेऊन गेली. लाल ब्लाऊजही. निघताना मोनिकाबायला म्हणाली, ते आता माझं.

मला शेवटचं म्हणाली होती ते इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. "तुम्ही दोघं एकमेकांपासून लपून एकाच गोष्टीची वाट बघत होतात." तिला काय माहीत. परकी बाई. तीन महिने काय राहिली.

८ फेब्रुवारी

बारसं रविवारी झालं. आज मोनिकाबायकडून कळलं, केबिन रोडलाही तिचा फेरा असतो. नाव काय ठेवलं ते तिला धड सांगता येईना. आजोबाला नातीचं नाव मासळीच्या पाटीवरून, आणि तेही अर्धं.

"मी वसूला सांगितलं, काकानं आईला घरी आनलीय म्हनून. पोर रडली."

"कुठली आणली, सांगितलंस?"

"मला काय कळतं? सगळी पांढरीच हायेत."

वसूच्या मनात पिनवाली आहे. तिला लहानपणी त्या पिनशी खेळायची सवय होती. मांडीवर पडून उघडायची, लावायची. शेवंता ओरडायची, टोचेल गं.

पिनवाली समुद्रात आहे, बोटीवर.

१९ फेब्रुवारी

दुपार. गॅलरीत वही घेऊन बसलो होतो. खाली रिक्षा थांबली. विहीणबाई उतरल्या, हातात दुपट्यात गुंडाळलेलं. रिक्षा गेली नाही. आत कोणीतरी बसलंय. दांडीवर हात दिसतो, बांगड्या वसूच्या. वर बघत नाही.

लिफ्ट बंद आहे. चार मजले. विहीणबाईंचे गुडघे दुखतात, प्रत्येक वळणावर थांबणार.

चादर टाकली. काढली. झाकून ठेवलं तर त्या हटकून उघडतील, आणि झाकलेलं का म्हणून विचारतील. ही तिची आई नाही म्हणालो तर वसू खालच्या खालीच परत जाईल. आहे म्हणालो तर वर येईल, बसेल, हात लावेल. पिन शोधेल.

ब्लाऊज तिच्या आईचं होतं, हे खोटं नाही. गाठ...

दुसरा मजला. थांबल्या. बाळाशी बोलतायत, हेल काढून. नावाने हाक मारतायत. कान दिला, पण जिन्यात घुमतं.

चादर मांडीवर आहे. रिक्षा अजून तिथेच.

तिसरा. चप्पल फटफट वाजतेय.

दार वाजलं. बेल असताना हाताने वाजवतात.

"व्याहीबुवा, उघडा की. नातीला आजी दाखवाया आणलीय."