गायक मागे, लोक पुढे

तीर्थरूप मामांना,

कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला ‘विनंती विशेष’ लिहायची पद्धत आहे, पण माझी विशेष काय, साधीसुद्धा विनंती नाही. सहज लिहितोय. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा रक्तदाब? जिन्यातला दिवा लागला का, की तुमची तक्रार अजून चालूच आहे? आई बरी असेल. (बरी आहे ना? नीट जेवते ना? मी फोन केला की ‘घरात कोणी नाही’ असं सांगून ती ठेवून देते, त्यामुळे घरात कोणीतरी आहे एवढं कळतं.) सात महिने झाले तिला तुमच्याकडे येऊन. मी इथे अगदी मजेत आहे. कपडे धुतो, वाळत घालतो, पाऊस आला की परत धुतो.

तुम्ही मागे विचारलं होतंत की तुमच्या मजल्यावरची पोरं दिवसभर एक रेकॉर्ड लावतात, तीत गाणारा न्हाणीघरात कोंडल्यासारखा वाटतो, बाकी नुसता गलका, आणि वेष्टनावर ध्वनिमुद्रक म्हणून तुमच्या भाच्याचं नाव आहे, तर हा काय प्रकार? सांगतो. तो रॉक बँड आहे, मामा. चार जण. गायक, दोन गिटारवाले (एकाची जाड आवाजाची, तिला बास म्हणतात) आणि ड्रम वाजवणारा, ज्याला सगळे हातोडा म्हणतात (स्वभावाने गरीब आहे, झुरळाला भितो). स्टुडिओत बसून त्यांनी दोन रेकॉर्ड काढल्या. त्या त्यांच्या आयांनीसुद्धा पुरत्या ऐकल्या नाहीत. मग कंपनीने बजावलं की शेवटची संधी: लोकांसमोर वाजवा, तेच टिपून घेऊ, चाललं तर चाललं, नाहीतर चंबूगबाळं आवरा. त्या चंबूगबाळ्यात मीही होतो.

हॉल म्हणजे पूर्वी चाकांचे बूट घालून घसरायची जागा. मला मंचाखालची खोली दिली होती, तिथे जुने चाकांचे बूट अजून खिळ्यांना टांगलेले. त्यांच्याखाली माझा मिक्सर. (स्वयंपाकघरातला नव्हे. मामींना सांगा, त्या मागच्या वेळी चटणीबद्दल विचारत होत्या.) टेबलाएवढा फळा, त्यावर सरकत्या दांड्यांची रांग, एकेक दांडी एकेका माइकची. कुठली कोणाची ते कळावं म्हणून खाली पांढरी चिकटपट्टी लावून लिहायचं: ड्रम, बास, गिटार, गायक, लोक. ‘लोक’ म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेला माइक, टाळ्या घेण्यापुरता. सगळे आवाज तिथल्या तिथे एकत्र होऊन थेट टेपवर जाणार होते. चहात विरघळलेली साखर मागाहून काढता येत नाही, तसंच ते.

संध्याकाळी आई डबा घेऊन आली. मी वर वायरी बांधत होतो. आता, चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेल्या बाईला तुम्ही माझ्या अक्षरासमोर एकटं सोडलंत तर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. बहीण तुमची आहे. तिने माझ्या सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या, फळा रुमालाने पुसला, नव्या पट्ट्यांवर टपोऱ्या, शिरोरेघा सरळ अशा अक्षरात सगळं लिहिलं आणि ओळीने चिकटवून घरी गेली. फक्त शेवटच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या जागी लागल्या. मी खाली येऊन पाहतो तर काय, फळा लख्ख! वाटलं, कंपनीने एकदाचा कोणी शहाणा माणूस पाठवला. मामा, मी चक्क भारावलो.

कार्यक्रम सुरू झाला, पहिली तीन गाणी सगळ्या दांड्या सारख्याच ठेवून निभावली, आणि चौथ्या गाण्याला गायकाचा घसा बसला. आठशे लोक समोर, आणि पठ्ठ्याच्या तोंडून सुरापेक्षा हवाच जास्त. मी देवाचं नाव घेऊन ‘गायक’ लिहिलेली दांडी वर सरकवली, आणि काय सांगू, कानात असा आवाज भरला! शब्दन् शब्द खणखणीत! मी म्हटलं, वा रे वाघा! दांडी आणखी वर नेली. ‘लोकां’तून मात्र कोणीतरी चिरक्या गळ्याने बेसूर केकाटत होतं, त्याला मी खाली दाबलं. (तो गायक होता.) एका गळ्यातून आठशे जण गातायत हे कळलं नाही का, असं विचाराल. डोक्यावर हातोडा कोसळत होता, खिळ्यांवरचे बूट नाचत होते, आणि तो आवाज गायकाचाच असावा अशी माझी फार इच्छा होती. माणसाला हवं तेच ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी टेप लावली आणि माझं धाबं दणाणलं. गायक मागे कुठेतरी, लोक पुढे छाताडावर. एक जण सलग दोन गाणी खोकतोय. सहाव्या गाण्याआधी सगळं शांत होतं आणि एक बाई स्वच्छ म्हणते, ‘अगं, माझी चप्पल!’ मग मला त्या टपोऱ्या अक्षराची आठवण झाली. पुढचं मी तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही. मी आईला म्हणालो की जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यास, आता माझी तरी सोड. बोललो आणि त्याच क्षणी जीभ चावली, पण सुटलेला शब्द तो सुटलाच. तिने बॅग भरली, दाराच्या बिजागरीला तेल घाल म्हणाली, आणि तुमच्याकडे आली.

डॉक्टरने गायकाला तीन महिने मौन दिलं होतं, तेव्हा पुन्हा कार्यक्रम शक्यच नव्हता. कंपनीने कपाळाला हात लावून आहे तीच टेप बाजारात आणली. आणि चालली की हो! ऐकणारे म्हणाले, आपण गर्दीत उभे आहोत असं वाटतं. गाणाऱ्याचा गळा गेला आणि लोकांनी त्याला उचलून धरलं, ते ऐकून म्हणे मोठमोठी माणसं रडली. आता बँड कुठेही वाजवो, सहाव्या गाण्याआधी अख्खा हॉल ‘माझी चप्पल!’ ओरडतो. एका समीक्षकाने रेकॉर्डला ‘अभिजात’ ठरवलं. (सात महिन्यांत अभिजात झालेली दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.) त्याने माझ्या ‘धाडसी दृष्टी’ची तारीफ केली, आणि मी, मामा, आयत्या बिळावर नागोबा होऊन मुलाखतीत सांगितलं की हे सगळं माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं. ती मुलाखत आईने वाचली असणार. तुमच्याकडे तोच पेपर येतो.

बाकी सर्व क्षेम. कामं भरपूर आहेत, नाव झालंय, भूक लागते. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मी मागाहून त्या पेपरात जाऊन खरं सांगितलं, की पट्ट्या आईने लावल्या आणि मी गाढव. त्यांनी छापलं: ‘यशामागे मातेची प्रेरणा’. आता मी तरी काय करू?

आणखी एक ता. क. रेकॉर्डची नवी आवृत्ती निघतेय. मागच्या बाजूला माझ्या नावाच्या वर आईचं नाव घालायला लावलंय. प्रत सोबत पाठवतोय, पण तुम्ही काही बोलू नका. नुसती टेबलावर ठेवा.

शेवटचा ता. क. मामींनी फोनवर सांगितलं की मोतीबिंदू काढल्यामुळे तुमच्या डोळ्यावर पट्टी आहे आणि टपाल सध्या आईच वाचून दाखवते. तेव्हा आई, मामांना सांग की पत्र संपलं, आणि हे मनात वाच. बिजागरीला तेल घातलंय. चुकलं माझं. घरी ये.