झाकून ठेवलेली हवा

चि. उमेश यास,

पोशीकाकीचे तुला, उज्ज्वलाला आणि पोरांना पुष्कळ आशीर्वाद. जव्हारलाही ऊन तापलं असेल, डोक्याला रुमाल बांधून प्रांत ऑफिसला जात जा. उज्ज्वलाचा दमा कसा आहे? इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही.

टेकडीपलीकडच्या खडी मशीनच्या धुळीबद्दल पाड्याने अर्ज केला होता. त्यावर हवा मोजणारे साहेब आले. गाडीच्या काचा वर, तोंडाला पट्टी. (हवा मोजायला आलेला माणूस ती नाकात घ्यायला तयार नाही, हे मला तेव्हाच खटकलं.) माझ्या ओट्यावर एक पेटी ठेवून म्हणाले, "आजी, नाजूक वस्तू आहे, दोन दिवस नीट सांभाळा." आता मशीन सुरू झाल्यापासून आपल्याकडे सांभाळायचं म्हणजे काय करायचं, तुला ठाऊक आहे. हंडा झाकतो, भाकरी झाकतो, वाळत घातलेली मोहाची फुलं झाकतो, माझी नात सपना झोपली की तिच्या तोंडावर पदर टाकतो. तशी मी पेटीही झाकली, घरातल्या सगळ्यात मऊ कापडाने, चार घड्या करून. शेजारची सुकरी म्हणाली, "गुदमरंल गं ती." मी म्हटलं, पाहुण्याची वस्तू आहे, खराब झाली तर बोल कोणाला लागेल?

तिसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने ते कापड काढून माझ्याकडे दिलं. शर्टावर पांढरी भुकटी सांडली ती झटकली आणि आकडा लिहून घेतला. मी विचारलं, "झाकलेलं चालतं का, साहेब?" म्हणाले, "आकडा आलाय ना, मग चालतं. तुमची हवा महाबळेश्वरसारखी आहे, आजी." म्हटलं, "मग जाताना काच खाली घ्या." घेतली नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आता कागद लागलाय. मी शाळेत गेले नाही, खोडाळ्याच्या बाजारातून भजी ज्या कागदात बांधून येतात त्यांवर वाचायला शिकले. पण हा कागद मी परत परत वाचला. हवा समाधानकारक आहे, आणि जो काही धूर आहे तो बायांच्या चुलींचा आणि राबाचा. रोपासाठी पालापाचोळा भाजायचा तो वर्षातून एकदा. माझ्या सासूने जन्मभर राब भाजला आणि शेवटचा दात पडल्यावरही माझ्यावर ओरडायला तिला दम पुरत होता. तुझे काका त्या मशीनवर कामाला होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढता का? त्यांना खोकल्याची उबळ आली, मान वरखाली हलली, डॉक्टरांनी 'हो' लिहिलं. विडीच्या नुसत्या वासाने ज्या माणसाला मळमळायचं, तो कागदोपत्री विडीने गेला.

आता भिंतीवरच्या त्या कागदाच्या जोरावर बालवाडीच्या मागे दुसरी मशीन बसणार आहे. सोमवारी ग्रामसभा, मग परवानगीवर सही तुझ्याच मोठ्या साहेबांची. सपना त्याच बालवाडीत जाते. हसली की तिला खोकला येतो, म्हणून आताशा ती हसायचं टाळते.

मी तुला काही काम सांगत नाही. तुझी नोकरी आहे, वर साहेब आहेत. रागाच्या भरात लिहिलं, वाचून चुलीत टाक. (तुमच्याकडे गॅस आहे. मग फाडून टाक.)

तुझी,
पोशीकाकी

ता. क. फाडू नकोस. सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी दिली आहे, ती डेपोवरून घे. वर उज्ज्वलासाठी नागलीचं पीठ आहे. खाली गाठोडं आहे, त्यात पेटीवरचं कापड, घडी न मोडता. ते घरात सोडू नकोस, उज्ज्वलाला सोसायचं नाही. सोमवारच्या आधी तुझ्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेव, वरचा पंखा चालू कर आणि झटक. ते चिडले तर सांग, काकीला अक्कल नाही. खोकताना त्यांची मान हलली की विचार, साहेब, विडी ओढता का?

आणखी एक. ते तुझ्या काकांचं धोतर आहे. काम झालं की परत पाठव. उज्ज्वलाला धुवायला देऊ नकोस, ते मीच धुते.